संकेतस्थळाची आज्ञावली : मुक्त की मालकीची?

शासनाच्या एखाद्या खात्याने योजना जाहीर केली की तिची माहिती लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम पूर्वी राजपत्र, वृत्तपत्रे, आकाशवाणी आणि पंचायत कचेरीतील सूचनाफलक यांच्यावर सोपविले जात असे. ही साधने आजही आहेत. परंतु पेडण्याचा शेतकरी असो वा काणकोणातील बचतगटाची अध्यक्षा असो, अर्जाचा नमुना कोठे मिळेल आणि तो भरण्याची शेवटची तारीख कोणती, हे पाहण्यासाठी आज हात प्रथम भ्रमणध्वनीकडे जातो. तेथे खात्याचे संकेतस्थळ उघडले नाही, किंवा उघडूनही दोन वर्षांपूर्वीचाच नमुना समोर आला, तर त्या नागरिकापुरती ती योजना अस्तित्वातच नाही असे म्हणावे लागेल.

संकेतस्थळ ज्या आज्ञावलीवर चालते तिची निवड ही म्हणूनच केवळ संगणक शाखेची बाब राहिलेली नाही. पुष्कळदा या निवडीचा प्रस्ताव तयार करण्याचे काम वाङ्मय, इतिहास अथवा अर्थशास्त्र यांचे शिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्याकडे येते. समोर दोन दरपत्रके असतात. एकात परवान्याची रक्कम लक्षावधी रुपयांची असते, तर दुसऱ्यात ती शून्य दाखविलेली असते. शून्याकडे मन ओढले जाणे स्वाभाविक आहे. मात्र या दोन आकड्यांवरून निर्णय घेणे म्हणजे घराच्या केवळ दाराची किंमत पाहून घर घेण्यासारखे आहे. प्रस्तुत लेख अशा अधिकारीवर्गाला नजरेसमोर ठेवून लिहिला आहे.

ज्या आज्ञावलीचा येथे विचार करावयाचा आहे तिला कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे मजकूर-व्यवस्थापन प्रणाली, असे म्हणतात. तिचे कार्य छापखान्याच्या उदाहरणावरून चटकन ध्यानात येईल. एखाद्या नियतकालिकाचे मुखपृष्ठ, स्तंभांची रुंदी आणि मथळ्यांचा टंक ठरलेला असतो. लेखक केवळ मजकूर देतो आणि तो ठरलेल्या चौकटीत बसविला जातो. संकेतस्थळांच्या आरंभीच्या काळात मात्र प्रत्येक पान तंत्रज्ञाने हाताने रचावे लागे आणि एक तारीख बदलावयाची तरी त्यालाच पाचारण करावे लागे. मजकूर-व्यवस्थापन प्रणालीने मजकूर आणि मांडणी यांची फारकत केली. मजकूर एका विदागारात साठविला जातो, मांडणीचे साचे वेगळे राहतात आणि वाचकाने पान मागताच दोहोंचा मेळ घालून ते त्याच्यासमोर ठेवले जाते. लिपिकाने मजकूर भरावा, अधीक्षकाने तपासावा आणि अधिकाऱ्याची संमती मिळाल्यावरच तो प्रसिद्ध व्हावा, ही आपल्या परिचयाची टिप्पणी-पद्धतही अशा प्रणालीत बसविता येते.

या प्रणाली दोन प्रकारच्या परवान्यांखाली मिळतात. मालकीच्या आज्ञावलीचा मूळ आज्ञालेख तिच्या कंपनीजवळच राहतो, ग्राहकास केवळ वापराचा हक्क मिळतो आणि त्या हक्काच्या अटी कंपनी ठरविते. अडोबी कंपनीची एक्स्पिरिअन्स मॅनेजर, मूळची डेन्मार्कची साइटकोर, तसेच मायक्रोसॉफ्टची शेअरपॉइंट ही या वर्गातील ठळक नावे होत. मुक्तस्रोत आज्ञावलीचा मूळ आज्ञालेख सर्वांना खुला असतो. तो वाचण्याची, वापरण्याची, त्यात फेरफार करण्याची आणि पुढे वाटण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ज्या चळवळीचा आरंभ केला आणि जिच्यातून १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना निघाला, तिचे हे फळ आहे. 'ओपन सोर्स' हे नामाभिधान त्यानंतर, १९९८ साली, रूढ झाले. बेल्जियमचे ड्रीस बायटार्ट यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ड्रुपल, २००३ मधील वर्डप्रेस आणि २००५ मधील जूमला या या वर्गातील प्रमुख प्रणाली होत. आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे एकट्या वर्डप्रेसवर चालतात.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन्ही अर्थ निघतात आणि त्यामुळे बराच घोटाळा होतो. आपल्या भाषेत हे दोन शब्द निराळे आहेत ही सोयीची गोष्ट आहे. मुक्तस्रोत आज्ञावली मुक्त असते, तिची देखभाल फुकट नसते. दरपत्रकातील शून्य हे परवान्यापुरते शून्य असते.

भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलीविषयीचे आपले धोरण जाहीर केले. ई-प्रशासनाच्या कामात अशा आज्ञावलीस अग्रक्रम द्यावा आणि ती न घेतल्यास त्याची कारणे नमूद करावीत, असा त्याचा आशय आहे. केंद्र शासनाच्या कार्यालयांना आणि ते स्वेच्छेने स्वीकारणाऱ्या राज्यांना हे धोरण लागू होते. त्यापूर्वीच, २०१२ मध्ये, शासकीय विदेच्या खुल्या वापरासाठी सुरू झालेले केंद्राचे राष्ट्रीय संकेतस्थळ ड्रुपलच्या आधारे उभारण्यात आले होते. तेव्हा मुक्तस्रोत म्हणजे हौशी तरुणांचा खेळ, हा समज आता सोडून द्यावयास हरकत नाही.

परंतु धोरण काय सांगते यापेक्षा ते तसे का सांगते हे समजून घेणे अधिक उपयुक्त आहे आणि त्यासाठी मराठी वाचकाला फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या लिपीच्या बाबतीत आपण हा धडा एकदा भोगून चुकलो आहोत. संगणकावर देवनागरी टंकलेखन सुरू झाले तेव्हा निरनिराळ्या उत्पादकांनी आपापले टंकसंच तयार केले. त्यांतील बहुतेकांत एक युक्ती योजिलेली असे. संगणकाच्या दृष्टीने साठविला जाई तो इंग्रजी अक्षराचा वा चिन्हाचा क्रमांक, आणि टंकसंच त्याच्या जागी देवनागरी आकार दाखवीत असे. पडद्यावर व कागदावर मराठी उमटे, यंत्राच्या पोटात मात्र मराठी नसे. प्रत्येक उत्पादकाची वाटणीही निराळी होती. एकाचा 'क' ज्या क्रमांकावर, त्याच क्रमांकावर दुसऱ्याचा 'ह' वा अर्धा 'त'. विशिष्ट टंकसंच नसलेल्या संगणकावर अशी फाईल उघडली की इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांचा गोंधळ समोर येई.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरविले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले आणि प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक लाभला. 'क' चा क्रमांक २३२५, 'ळ' चा २३५५, मग टंकसंच कोणाचाही असो. केंद्र शासनाने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक म्हणून स्वीकारले. तरीही मधल्या काळात जुन्या टंकसंचांत तयार झालेल्या अधिसूचना, परिपत्रके आणि अहवाल आजही कार्यालयोकार्यालयी पडून आहेत. त्यांपैकी कित्येक पीडीएफ स्वरूपात संकेतस्थळांवर चढविलेलेही आहेत. डोळ्यांना ते नीट दिसतात, पण शोधचौकटीत 'कूळ कायदा' असे शब्द घातले तर सापडत नाहीत, कारण त्या फाईलीत हे शब्द नाहीतच. दृष्टिहीन व्यक्तीसाठी मजकूर वाचून दाखविणारे साधनही तेथे निरर्थक ध्वनी काढते.

मजकूर आपला, कष्ट आपल्या टंकलेखकाचे, आणि तो वाचण्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात, अशी ही अवस्था होती. मजकूर-व्यवस्थापन प्रणाली निवडताना जो प्रश्न सर्वप्रथम विचारावयाचा तो हाच आहे. उद्या हा करार संपला, अथवा ही कंपनी उरली नाही, तर आमचा सर्व मजकूर, त्याच्या तारखा, जोडपत्रे आणि छायाचित्रे यांसह, दुसऱ्या कोणत्याही प्रणालीत नेता येईल अशा स्वरूपात आमच्या हाती येईल काय? किंमत, वेग, देखणेपणा हे सर्व प्रश्न या प्रश्नानंतरचे.

कंपनी उरली नाही तर, ही शंका काल्पनिक नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे स्थापन झालेली व्हिन्येट ही कंपनी एके काळी या क्षेत्रात अग्रगण्य होती. २००९ मध्ये कॅनडाच्या ओपन टेक्स्ट कंपनीने ती विकत घेतली. इंटरवोव्हन ही तिची प्रतिस्पर्धी त्याच वर्षी ऑटोनॉमी कंपनीकडे गेली आणि ऑटोनॉमी २०११ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने घेतली. अडोबीची आजची प्रणालीसुद्धा मूळची स्वित्झर्लंडमधील डे सॉफ्टवेअर या कंपनीची, जी २०१० मध्ये अडोबीकडे आली. अशा हस्तांतरात ग्राहकाचे काम रातोरात बंद पडते असे नाही. परंतु पुढील आवृत्ती निघणार की नाही आणि नूतनीकरणाचा दर काय राहणार, याचा निर्णय ज्याच्याशी आपण करार केला त्याच्या हाती राहत नाही.

मुक्तस्रोत प्रकल्पांतही कलह होतात, आणि येथेच दोहोंतील फरक उघड होतो. जूमलाचा जन्म अशाच कलहातून झाला. मॅम्बो या मुक्तस्रोत प्रणालीचे नाव व नियंत्रण एका ऑस्ट्रेलियन कंपनीकडे होते. २००५ मध्ये तिच्याशी मतभेद होताच मूळ तंत्रज्ञ बाहेर पडले आणि तोच आज्ञालेख घेऊन त्यांनी नव्या नावाने काम सुरू केले. परवान्यानेच तशी मुभा असल्यामुळे त्यांना कोणी अडवू शकले नाही. (जूमला हे नाव 'सर्व मिळून' या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून घेतले आहे. त्या शब्दाचे मूळ अरबी, आणि आपल्या जुन्या हिशेबी कागदांत एकूण बेरजेला 'जुमला' म्हणत तेही त्याच मुळाचे.) अलीकडे, सप्टेंबर २०२४ मध्ये, वर्डप्रेसचे एक संस्थापक आणि डब्ल्यूपी इंजिन ही संकेतस्थळे सांभाळणारी कंपनी यांच्यात तीव्र वाद होऊन त्या कंपनीचा वर्डप्रेसच्या मध्यवर्ती भांडाराशी असलेला संपर्क तोडण्यात आला. डिसेंबरमध्ये अमेरिकेतील न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर तो पूर्ववत झाला. आज्ञालेख कोणालाही काढून घेता आला नाही हे खरे, परंतु सुधारणा ज्या भांडारातून येतात ते कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मुक्त आज्ञावलीलाही चुकलेला नाही हे या प्रसंगाने दाखविले.

याहून मोठा भार आहे तो देखभालीचा. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने सातव्या आवृत्तीतील एका गंभीर उणिवेची घोषणा केली आणि दुरुस्तीही त्याच वेळी दिली. दोन आठवड्यांनी त्याच पथकाने आणखी एक निवेदन काढले. घोषणेपासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती बसविली नाही त्यांनी आपल्या संकेतस्थळात परक्यांचा शिरकाव झाला आहे असेच समजून चालावे, असा त्याचा मथितार्थ होता. भारतीय वेळेनुसार ही मुदत १६ ऑक्टोबरच्या पहाटे साडेचारला संपत होती. आपल्याकडील कोणत्या कार्यालयात त्या रात्री कोणी जागे होते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. आज्ञालेख सर्वांना खुला असल्यामुळे उणिवा लवकर सापडतात व लवकर दुरुस्तही होतात. पण दुरुस्ती जाहीर होताच उणीवही जाहीर होते आणि मग शर्यत सुरू होते. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या त्या सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. २०१५ मधील आठवी आवृत्ती इतकी निराळी रचलेली होती की सातव्यावरून पुढे जाणे म्हणजे बव्हंशी घर नव्याने बांधणेच होते. परवान्याला एक रुपयाही न देणाऱ्या कार्यालयांना या स्थलांतरासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली.

मालकीच्या आज्ञावलीची बाजू येथे न्याय्यपणे मांडली पाहिजे. जबाबदार असा एक पक्ष समोर असतो, आणि करारात प्रतिसादाची मुदत घालून ती न पाळल्यास दंड आकारता येतो. ज्या कार्यालयाचा अंतर्गत पत्रव्यवहार आणि दस्तऐवज आधीच एका कंपनीच्या साधनांवर चालतात, तेथे त्याच कुटुंबातील प्रणाली घेतल्याने प्रशिक्षणाचा त्रास वाचतो. अंतर्गत दस्तऐवजांसाठी असा निर्णय घेणाऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. जनतेसाठीच्या संकेतस्थळाला मात्र, प्रस्तुत लेखकाच्या मते, वेगळा निकष लावावा. तेथील मजकूर हा सार्वजनिक अभिलेख आहे आणि त्याचे आयुष्य कोणत्याही करारापेक्षा मोठे आहे.

वस्तुतः आपल्या लहान खात्यांपुढील निवड ही बहुधा अडोबी की ड्रुपल अशी नसतेच. स्थानिक कंत्राटदार येतो, स्वतः रचलेले एक 'पॅनेल' दाखवितो, दर माफक असतो आणि भाषाही आपली असते. हे पॅनेल म्हणजेसुद्धा मालकीची आज्ञावलीच होय, आणि तीही अशी की जिचा मालक एक-दोन व्यक्तींचा असतो. मोठ्या कंपनीच्या बाबतीत निदान हस्तपुस्तिका असते, अन्य जाणकार मिळतात. येथे तो एक मनुष्य दुसऱ्या गावी नोकरीस गेला की सर्व थांबते. एका कार्यालयाची हकिगत या लेखकाने जवळून पाहिली आहे. करार संपल्यावर त्यांनी मजकूर मागितला तेव्हा तो मिळाला खरा, परंतु शेकडो फाईलींच्या नावांत केवळ अनुक्रमांक होते. कोणती अधिसूचना कोणत्या तारखेची आणि तिचे परिशिष्ट कोणते, हा संबंध जोडणारे कोष्टक त्या पॅनेलमध्येच राहिले. दोन लिपिकांनी कित्येक आठवडे छापील प्रतींशी ताडून ते पुन्हा जुळविले. तेवढ्या अवधीत माहितीच्या अधिकाराखाली आलेल्या अर्जांना उत्तरे देताना कार्यालयाची जी तारांबळ उडाली तिचे वर्णन न करणे बरे.

मुक्तस्रोत प्रणाली घेतली म्हणजे हा धोका टळतो, असेही समजू नये. वर्डप्रेसच वापरलेले आहे, पण मांडणीचा साचा कंत्राटदाराने स्वतःच्या नावावर विकत घेतलेला, प्रशासकाचा प्रवेशशब्द त्याच्याकडेच, आणि सर्व्हरचे भाडेही तोच भरतो, अशी उदाहरणे आढळतात. परवान्यावर 'मुक्त' लिहिलेले असते आणि व्यवहारात कुलूप तेच राहते.

भाषेचा मुद्दा गोव्यासारख्या प्रदेशात विशेष महत्त्वाचा आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापरालाही स्थान दिले. इंग्रजी तर आहेच. अशा त्रैभाषिक संकेतस्थळाची सोय ड्रुपलच्या आठव्या आवृत्तीपासून आणि जूमलामध्ये मूळ प्रणालीतच आहे. वर्डप्रेसच्या मूळ प्रणालीत एकाच पानाच्या अनेक भाषांतील आवृत्त्या जोडण्याची व्यवस्था नाही. त्यासाठी पूरक आज्ञावली घ्यावी लागते, आणि तिचा परवाना व तिची देखभाल हा पुन्हा स्वतंत्र विषय होतो. कोकणी आणि मराठी यांची लिपी एकच असल्याने प्रत्येक पानावर भाषेची खूण अचूक घातली जाते की नाही, हेही पाहावे. ती नसेल तर मजकूर वाचून दाखविणारी साधने कोकणी पान मराठी वा हिंदी समजून वाचतात.

याच संदर्भात एक बारीक पण त्रासदायक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 'शेतकऱ्यांना' या शब्दातील आडव्या वळणाचा र युनिकोडमध्येही दोन प्रकारे साठविला जातो. एका प्रकारात टिंब असलेला 'ऱ' वापरतात. दुसऱ्यात साधा 'र', त्याचा पाय मोडण्याची खूण आणि न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते भिन्न शब्द वाटतात. लिपिकाने एका प्रकाराने लिहिले आणि नागरिकाने दुसऱ्या प्रकाराने शोधले, तर 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर मिळते. मुक्तस्रोत प्रणालीत हे दोन्ही प्रकार एक मानणारी लहानशी जोड एखादा स्थानिक तंत्रज्ञ देऊ शकतो. मालकीच्या प्रणालीत मूळ शोधयंत्राला हात लावता येत नसेल, तर कंपनीकडे विनंती करून तिच्या सोयीची वाट पाहावी लागते. कोट्यवधी ग्राहक असलेल्या कंपनीला मराठीतील एका रकाराची निकड किती वाटेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

देखभालीचा भार एकट्या खात्याने उचलण्याऐवजी अनेकांनी मिळून उचलणे हा त्यावरचा शहाणपणाचा उपाय दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र शासनाने २०१५ मध्ये ड्रुपलवर आधारलेले एक सामाईक व्यासपीठ उभारले आणि तेथील कार्यालये आपापली संकेतस्थळे त्यावर चालवितात. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने एस-थ्री-वास या नावाची अशीच सेवा सुरू केली असून जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळे तीवर आहेत. मध्यरात्री दुरुस्ती बसविण्याची जबाबदारी तेथे प्रशिक्षित पथकाकडे जाते आणि खात्याकडे त्याचे खरे काम, म्हणजे मजकूर अचूक व ताजा ठेवणे, तेवढे उरते. ज्या खात्यापाशी स्वतःचा तंत्रज्ञ नाही त्याने प्रथम ही वाट पाहावी. ती बंद असेल तरच स्वतंत्र निविदा काढावी.

निविदा काढावयाचीच असेल तर तिच्या अटींत काही गोष्टी स्पष्ट शब्दांत याव्यात. सर्व मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि तारखा व जोडपत्रांसह तो खुल्या स्वरूपात केव्हाही मागता यावा. सुरक्षा-दुरुस्ती जाहीर झाल्यापासून ती किती तासांत बसविली जाईल हे लिहून घ्यावे. 'वेळोवेळी' हा शब्द तेथे चालू देऊ नये. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या सूचीतील परीक्षकाकडून सुरक्षा-तपासणी, तसेच शासकीय संकेतस्थळांसाठीच्या २०२३ मधील सुधारित मार्गदर्शक तत्त्वांचे पालन, यांचा खर्च कोण करणार हे आधीच ठरवावे. मालकीची आज्ञावली घेतली असल्यास मूळ आज्ञालेखाची प्रत त्रयस्थाकडे ठेवावी आणि कंपनी बंद पडल्यास ती खात्यास मिळावी, अशी अट घालता येते. पाच वर्षांचा एकूण खर्च, म्हणजे परवाना, सर्व्हर, देखभाल, प्रशिक्षण आणि एका मोठ्या आवृत्तीवरील स्थलांतर यांची बेरीज, दोन्ही दरपत्रकांतून मागवावी. तसे केल्यावर शून्य आणि लक्षावधी यांतील अंतर बरेच कमी झालेले दिसेल, क्वचित उलटलेलेही.

अंतिम देयकापूर्वी एक चाचणी अवश्य घ्यावी. संकेतस्थळाची राखीव प्रत घेऊन ती कंत्राटदाराच्या नव्हे अशा एका कोऱ्या संगणकावर, खात्याच्या अधिकाऱ्यासमक्ष, पुन्हा उभी करून दाखविण्यास सांगावे. त्यात अर्धा दिवस जातो. पाने, जुन्या अधिसूचना आणि शोधचौकट तेथे चालली की सर्व प्रवेशशब्द लेखी घ्यावेत, ते बदलावेत आणि मोहोरबंद लिफाफ्यात कार्यालयप्रमुखांकडे ठेवावेत. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी खात्याच्याच नावे आहे, आणि नूतनीकरणाची सूचना बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या वैयक्तिक ई-पत्त्यावर जात नाही, हेही त्याच दिवशी पाहून घ्यावे.